एका नगासाठी जिग

एका नगासाठी कुणी जिग करत नाही. हे माझं मत नाही, आमच्या घरातल्या गृहस्थांचं आयुष्यभराचं मत आहे. मोटारींच्या कारखान्यात टूलरूममध्ये होते तेव्हा संध्याकाळी घरी येऊन मला ऐकवायचे. अमक्या साहेबाने एका नगासाठी जिग मागितला, त्याला म्हटलं, साहेब, एक नग हाताने करून देतो, जिग हजार नगांना करतात. आणि मग स्वतःच खो खो हसायचे. मला तेव्हा जिग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तरी मीही हसायचे, कारण हसलं की विषय संपायचा.

आता ठाऊक झालंय. नको तितकं झालंय. जिग म्हणजे एक चौकट, लाकडाची नाहीतर लोखंडाची. तिच्यात वस्तू बसवली की ती हलत नाही आणि भोक जिथे पडायचं तिथेच पडतं, करणारा नवशिका असला तरी. "हात कुणाचाही असू दे, माल चोख निघाला पाहिजे," हे यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. यांचा स्वतःचा हात इतका पक्का की कारखान्यात यांना 'मायक्रॉन' म्हणत. पत्र्यावरून बोट फिरवून जाडी सांगायचे, मग मोजली की तेवढीच निघायची. निरोप समारंभात चार जणांनी हे सांगितलं, साहेबांनी भाषणात सांगितलं, आणि घरी येताना रिक्षात यांनी मला पुन्हा सांगितलं.

तर असे हे मायक्रॉन. आणि यांनी माझी एक, मोजून एक, गिटार जोडायला जिग बांधायला घेतला. बांधतायत. अजून बांधतायत. एवढ्या वेळात लोक घर बांधून त्यात भाडेकरू ठेवतात.

गिटार मोडली तीही यांच्याच कृपेने. मी आत भांडी पुसत होते. म्हटलं, "अहो, गिटार जरा इकडे आणता का?" आणि धाडकन आवाज आला. आधी लाकडाचा, मागोमाग सगळ्या तारांचा. धावत बाहेर आले तर गिटार जमिनीवर उताणी, मान जिथे संपते आणि डोकं सुरू होतं बरोबर तिथे मोडलेली, डोकं तारांना लोंबतंय. आणि हे शेजारी उभे, दोन्ही हात खिशात. बसची वाट बघत असल्यासारखे.

"सुटली," म्हणाले.

"सुटली म्हणजे? तिला काय पाय आहेत?"

"पट्टा निसटला."

पट्टा होता तिथे घट्ट होता. मी बघितलं, यांनी बघितलं, आणि यांनी लगेच खिडकीबाहेर बघितलं. खोटं बोलायचं तर निदान नीट तरी बोलावं. आयुष्यभर केसभराच्या फरकावरून लोकांचा माल परत पाठवलेला माणूस, आणि थाप मारली ती अशी ढोबळ.

आता एक गिटार मोडली म्हणून मी एवढं आकाशपाताळ का एक करते, असं कुणालाही वाटेल. माझ्या भावाला वाटलंच. "दुसऱ्या कुणाची तरी आण की," म्हणाला. त्याला काय जातंय सांगायला. मी डावखुरी. लहानपणी शाळेत डाव्या हातावर पट्टी खाल्लेली, तरी न सुधारलेली डावखुरी. जगातली प्रत्येक वस्तू उजव्यांनी उजव्यांसाठी केलेली असते हे उजव्यांना मरेपर्यंत कळत नाही. कात्री उजव्यांची, डबा फोडायची किल्ली उजव्यांची, ओतायच्या भांड्याची चोच उजव्यांची. ऑफिसात माझ्या टेबलाचे खणसुद्धा उजव्या बाजूला होते, आणि मी त्या टेबलावर अख्खी नोकरी काढली. नोकरी संपली तेव्हा स्वतःला एक वस्तू घेतली, डाव्या हाताची गिटार. दुकानदाराने मागवून घेतली, यायला किती दिवस लागले विचारू नका. ती पहिल्यांदा मांडीवर घेतली तेव्हा कळलं, माझ्या हाताचा विचार करून कुणीतरी काहीतरी बनवू शकतं. आणि तीच यांना "सुटली".

वर कार्यक्रम तोंडावर. आम्ही तिघी आहोत: गाणारी एक निवृत्त मुख्याध्यापिका, तिला आम्ही बाईच म्हणतो, ढोलकं बडवणारी एक दातांची डॉक्टर, आणि मी. वर्षभर डॉक्टरणीच्या दवाखान्यामागच्या खोलीत सराव केला, पलीकडच्या खुर्चीत पेशंट कण्हत असताना. शेवटी वाचनालयाच्या सभागृहात महिनाअखेरचा शनिवार मिळाला. मी आयुष्यात स्टेजवर चढले होते ते फक्त खुर्च्या मांडायला. या शनिवारी मला त्यातल्या एका खुर्चीत बसायचं होतं. एवढंच हवं होतं. कुणाला फार वाटत असेल तर वाटो.

बाईंना मोडल्याचं कळवलं तर त्या हळहळल्या, पण मुख्याध्यापिका ती मुख्याध्यापिकाच. "माझा भाचा आहे," म्हणाल्या. "कीबोर्ड वाजवतो. तुझं नाहीच जमलं तर असावा हाताशी." या भाच्याला मी ऐकलंय. एक बटण दाबतो, मग यंत्र आपोआप वाजत राहतं आणि हा मान डोलावतो. त्याच्याऐवजी खुर्चीवर उशी ठेवली तरी चालेल.

मी सरळ गिटार उचलून वाद्यांच्या दुकानात निघाले होते. तिथला दुरुस्तीवाला म्हणजे एक नमुना आहे. त्याला गावात सगळे स्क्रूवाला म्हणतात. त्याने फोनवरच सांगितलं, "आणा ताई. दोन स्क्रू आरपार मारतो, वरून काळा रंग. संध्याकाळी घेऊन जा." हे ऐकून आमचे मायक्रॉन खुर्चीतून उठले.

"मानेत स्क्रू मारतात का कुणी?"

"मारतात. माझ्या मावसबहिणीच्या मारलेत. ठणठणीत आहे."

"ही चीर लांब आहे, तिरपी आहे, स्वच्छ आहे," म्हणाले. "गोंदाने जोडली तर मूळच्यापेक्षा पक्की होईल. स्क्रू मारला तर लाकूड कायमचं फाटेल. मग कुणालाच जोडता येणार नाही."

"मग जोडा ना. एवढं सगळं कळतंय तर गोंद लावा, दाबा, मोकळे व्हा."

"तिरपी आहे म्हणून तर. दाबली की सरकते. केसभर सरकून चिकटली तर जन्मभर बेसूर वाजेल. जिग करावा लागेल."

"एका नगासाठी?" मी म्हटलं.

यावर आमच्या घरात हसू यायला हवं होतं. हे हसले नाहीत. गिटार उचललीसुद्धा नाही, मलाच म्हणाले, "तेवढी मागच्या खोलीत नेऊन ठेव." दुरुस्ती करणार हे, हमाली माझी.

तेव्हापासून मागची खोली म्हणजे यांचा कारखाना आणि घर म्हणजे यांचं भंगारचं दुकान. मला लाकडाचा चांगला ठोकळा हवाय म्हणाले आणि माझा भाजी कापायचा पाट गेला. गिटारच्या मानेखाली मऊ काहीतरी हवं म्हणून चहाच्या कपाखाली ठेवायच्या बुचाच्या चकत्या गेल्या. टेबलावर आता गोल गोल डाग. स्क्रू फिरवायला मोठ्या मुठी हव्यात म्हणून स्वयंपाकघरातल्या खणांच्या लाकडी मुठी काढून नेल्या. मी खण उघडायला चमच्याचा दांडा खुपसते आणि तो चमचा ठेवायचा त्याच खणात असतो. "एवढ्या मोठ्या मुठी कशाला?" विचारलं तर म्हणे, "पकड चांगली येते." मायक्रॉन म्हणवणाऱ्या माणसाला पकडायला नारळाएवढी मूठ लागते.

खरं सांगायचं तर निवृत्त झाल्यापासून यांच्या एकेक तऱ्हा मी बघतेच आहे. आधी दाढी वाढवली. बरी दिसली असती तर गोष्ट वेगळी. गालावर एक ठिगळ, हनुवटीवर एक, मध्ये मैदान. "आता कुठे कामावर जायचंय," म्हणाले. मग बटणांचे शर्ट कपाटात गेले आणि गोल गळ्याचे टीशर्ट आले. म्हटलं, कॉलेजात नाव घाला आता. मग नाडीचे बूट जाऊन पाय सरकवायचे बूट आले. चहा अर्धा कप. त्याआधी काठोकाठ भरलेला कप लागायचा, जरा कमी दिसला तर भुवई वर. आता "अर्धाच दे, पित्त होतं." पेपर हातात धरून वाचायचा सोडून टेबलावर पसरून वाचतात, नाक त्याला टेकवून. मी मैत्रिणींना सांगायचे, काही नवरे निवृत्तीनंतर बागकाम करतात, आमचे वेषांतर करतायत.

आणि मागच्या खोलीतून आवाज. करवतीचा, कानशीचा, ते समजू शकते. पण दुपारभर एक वेगळाच आवाज यायचा. टिक टिक टिक टिक, पत्र्यावर पत्रा आपटल्यासारखा, बारीक, घाईघाईचा. थांबायचा, पुन्हा सुरू. "आत घड्याळ बसवताय का?" म्हणून विचारलं. "चाचणी घेतोय," म्हणाले. मी म्हटलं, घ्या. चाचणी घ्या, प्रिलिम घ्या, बोर्डाची परीक्षा घ्या.

तरी मी सांगते, एकदा जिग तयार झाला होता. माझ्या डोळ्यांनी बघितला मी. दणकट पाया, त्यावर मानेच्या आकाराचा खळगा, आत बुचाच्या चकत्या चिकटवलेल्या. पुढे एक आडवी पट्टी, डोकं सरकू नये म्हणून. डोकं जरासंच मागे वाकवून चीर उघडी धरणारी एक बिजागरी. त्या चिरेच्या तोंडाशी आणलेली पितळेची नळी, त्यातून गोंदाची सिरिंज घालायची. आणि उजव्या बाजूला माझ्या खणांच्या मुठी, फिरवल्या की सगळं घट्ट. देखणं काम होतं, उगाच खोटं कशाला बोलू. मी बाईंना फोन करून सांगितलं, भाच्याला घरीच ठेवा.

दुसऱ्या दिवशी बघते तर जिग सुटा. सगळे भाग टेबलावर मांडलेले आणि हे पायाच्या दुसऱ्या बाजूला नवीन भोकं पाडतायत.

"हे काय?"

"थोडं बदलतोय."

"काल झाला होता ना तयार?"

"नाही जमला."

"काय नाही जमलं? गिटार तर त्यात अजून ठेवलीसुद्धा नाही."

 तोंडात मिठाची गुळणी. मुठी उजवीकडच्या काढून डावीकडे बसवायला घेतल्या होत्या, नळीसुद्धा फिरवून तिकडे नेली होती. म्हणजे मायक्रॉन महाशयांनी अख्खा जिग उलटा बांधला होता आणि ते बांधून झाल्यावर यांच्या लक्षात आलं. माझी जीभ काही थांबली नाही. म्हटलं, बरं झालं निवृत्त झालात, नाहीतर कारखान्याच्या सगळ्या मोटारी मागे धावल्या असत्या. यांनी मान खाली घालून ड्रिल चालवला. मग बसायचं स्टूल उलटं करून त्याचे पायही कापले. मी विचारलं, आता यात जिगचा काय संबंध. "उंची जुळत नव्हती," म्हणाले. यांची उंची म्हातारपणी कमी झाली असावी.

कार्यक्रमाचा आठवडा उजाडला. बाईंचा फोन आला, आवाज एकदम शाळेतला. "हे बघ, भाचा आज सरावाला येतोय. तू पण ये. ऐकायला ये."

ऐकायला ये. वर्षभर पेशंटच्या कण्हण्यात वाजवलं आणि आता ऐकायला ये. मी फोन ठेवला, पायात चपला घातल्या आणि ठरवलं, पुरे. गिटार उचलायची, स्क्रूवाल्याकडे टाकायची. फाटली तर फाटू दे मान. शनिवारपुरती वाजली तरी बास.

मागच्या खोलीचं दार ढकललं. हे पाठमोरे बसले होते, दार वाजलेलं यांना कळलंही नाही. समोर जिग, त्यात गिटार नव्हती, एक लाकडाची फळी होती, तिला चीर पाडलेली. यांच्या हातात सिरिंज, सिरिंजमध्ये निळी शाई. बाई तिकडे माझी खुर्ची भाच्याला देतायत आणि हे इकडे रंगपाणी खेळतायत. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात तो आवाज सुरू झाला. टिक टिक टिक टिक.

सिरिंज नळीत घालायचा प्रयत्न चालला होता. सिरिंजचं टोक नळीच्या काठावर आपटत होतं. हात थरथरत होता. थंडी वाजल्यासारखा नाही, घाबरल्यासारखाही नाही. आपल्याच नादात, मालकाला न विचारता. यांनी उजवा हात डाव्या हाताने धरला तर दोन्ही थरथरायला लागले. शेवटी सिरिंज कशीबशी आत गेली, दांडा दाबला, आणि शाई चीर सोडून सगळीकडे गेली. फळीवर, टेबलावर, यांच्या मनगटावर. टेबलावर अशा निळ्या फळ्यांचा ढीग होता.

मी चपलेनिशी तशीच उभी राहिले. मग यांनी मागे वळून बघितलं आणि दोन्ही हात झटकन खिशात घातले.

मला राग आला. माया, दया, काय असेल ते नंतर. आधी राग. अर्धा कप चहा, टीशर्ट, बिननाडीचे बूट, टेबलावर पसरलेला पेपर, गालावरची ठिगळं. एकेक माझ्या समोरून गेलं आणि प्रत्येकावर मी केलेला विनोद त्याच्या मागोमाग गेला. आणि या माणसाने प्रत्येक वेळी ऐकून घेतलं. ऐकून घेतलं, पण तोंड उघडलं नाही.

"हात बाहेर काढा," म्हटलं.

काढले. टेबलावर ठेवले. टेबल थरथरलं.

"कधीपासून?"

"नोकरीत होतो तेव्हापासून जरा जरा."

"डॉक्टर?"

"दाखवलंय. वाढत जाईल म्हणाले. गोळ्या आहेत."

"कुठे आहेत? मी घरात एक गोळी बघितली नाही."

"स्क्रूच्या डब्यात."

स्क्रूच्या डब्यात. त्या डब्याला मी कधी हात लावणार नाही हे बरोबर ठाऊक. "सगळ्या कारखान्याला बारीकसारीक सांगत होतात," मी म्हटलं. "घरी येऊन प्रत्येक साहेबाचं गाऱ्हाणं सांगत होतात. आणि हे सांगायला जीभ जड झाली? माझ्यापासून लपवायचं होतं की माझ्या जिभेपासून?"

"सांगणार होतो," हे म्हणाले. "गिटार झाली की सांगणार होतो. मीच पाडली होती ना."

"पट्टा निसटला म्हणालात."

"पट्टा नव्हता निसटला."

"ते मला तेव्हाच कळलं होतं."

 मग हे उठले आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बस."

"मी कशाला?"

"तूच करायचंय. नळी तेवढी तपासत होतो. मी सांगतो."

"मी? मी भिंतीत खिळासुद्धा ठोकलेला नाही. वाकडा गेला तर?"

"नाही जाणार. तेवढ्यासाठी तर आहे तो." जिगकडे मान हलवली. "हात कुणाचाही असू दे."

पुढचं अर्धं वाक्य यांनी म्हटलं नाही. मी बसले. स्टूल माझ्या उंचीला चपखल बसलं. मी यांच्यापेक्षा चांगली वीतभर ठेंगणी आहे. हात सहज पुढे गेला तर मूठ हाताखाली होती. डाव्या हाताखाली. नळीचं तोंड माझ्या डाव्या मनगटाकडे वळलेलं होतं, सिरिंज ठेवायची खाच डाव्या कोपराशी, पुसायचं फडकं अडकवायचा खिळासुद्धा डावीकडे. मला कुठेही हात मुरडावा लागला नाही, कुठेही अंगावरून वळावं लागलं नाही. आयुष्यात कुठल्या टेबलाशी बसले आणि असं झालं, मला आठवत नाही.

"हा उलटा नव्हता," मी म्हटलं.

"नाही."

"मग आधी उजवीकडे का केला होतात?"

हे फळ्यांच्या ढिगाकडे बघत होते. शाईची बोटं एकमेकांत अडकवून धरली होती.

"तेव्हा वाटत होतं, मला जमेल," म्हणाले.

 मला बोलता येत नव्हतं, आणि हे माझ्या बाबतीत क्वचित होतं. चपला काढल्या, पदर खोचला, गिटार घेऊन जिगमध्ये बसवली. बुचाच्या चकत्यांवर ती अशी टेकली की माझ्या टेबलावरचे डाग मी माफ केले.

त्यानंतर जे झालं त्याला शिकवणं म्हणत असतील तर कारखान्यातल्या पोरांची मला कीव येते. "बिजागरी वर. आणखी नको. नको म्हटलं ना. सिरिंज आत, टेकेपर्यंत. आता दाब. सावकाश. मोज मनात." मी म्हटलं, मनात मोजू की तुमचं ऐकू. "दोन्ही." गोंद चिरेच्या कडेवर मण्यांसारखा ओळीने वर आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "बास. बिजागरी खाली. पहिली मूठ. आता दुसरी. परत पहिली." मुठी माझ्या ओळखीच्याच होत्या, रोज खण उघडायचे मी त्यांनी. चीर मिटत गेली, मिटत गेली आणि दिसेनाशी झाली. जरासुद्धा सरकली नाही. ओल्या फडक्याने गोंद पुसला तर कुठे मोडली होती ते मलाच शोधावं लागलं.

"आता हात लावायचा नाही," हे म्हणाले. "उद्यापर्यंत."

"मी लावत नाही. तुम्ही आपले हात सांभाळा," मी म्हटलं, आणि मग वाटलं की हे बोलायला नको होतं. पण हे हसले. जिग प्रकरण सुरू झाल्यापासून पहिल्यांदा हसले, त्या विचित्र दाढीतून.

दुसऱ्या दिवशी मुठी सोडवल्या. यांनी तारा चढवायच्या आधी थांबवलं आणि मानेच्या मागून जोडावरून बोट फिरवलं. हात थरथरत होताच. पण बोट लाकडाला टेकलं आणि लाकडाच्या आधाराने हळूहळू पुढे गेलं. डोळे मिटलेले. परत मागे आलं.

"काय?" मी विचारलं.

"काही लागत नाही," म्हणाले. मायक्रॉनांचं यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मी कुणाला मिळालेलं ऐकलेलं नाही.

तारा चढवल्या, सूर लावला, तासाभराने पुन्हा बघितला, जिथल्या तिथे. मी बाईंना फोन केला. म्हटलं, भाच्याला येऊ दे शनिवारी, खुर्च्या मांडायला माणूस लागेलच. बाईंनी विचारलं, स्क्रूवाल्याने केली का? मी म्हटलं, नाही, मी केली. पलीकडे शांतता. ती मी पुरेपूर उपभोगली.

शनिवारी सकाळी यांच्यासमोर चहा ठेवला, अर्धा कप. संपला की पुन्हा अर्धा ओतला. मग गरम पाण्याचा वाडगा, साबण आणि रेझर घेऊन आले. यांनी रेझरकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे.

"डाव्या हाताने?"

"संध्याकाळी पहिल्या रांगेत बसायचंय तुम्हाला. हे असलं ध्यान घेऊन नाही बसायचं. भीती वाटत असेल तर जिग करा आणखी एक."

"एका नगासाठी?" हे म्हणाले.

मी रेझर पाण्यात बुडवला. यांनी हात गुडघ्यांवर ठेवले, थरथरत होते तसेच, खिशात घातले नाहीत. आणि मान वर केली.